लोगोतलं तांबं चॉकलेटसारखं दिसतं, त्याला उजेड कुठून आणायचा?

प्रश्न असा आहे. नाशिकमध्ये सातपूरला राहणाऱ्या आणि नुकतंच डिझाइनचं काम सुरू केलेल्या एका मुलाला भांडी बाजारातल्या तांब्या-पितळेच्या दुकानाचा लोगो मिळालाय. तो लिहितो : "ताई, फोटोशॉपमध्ये तांब्याचा रंग घेतला, ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात जाणारी छटा) दिलं, बेव्हल (कडा उतरत्या करून दिलेला उठाव) दिलं, वरून पांढरी चमकपण मारली. तरी अक्षरं चॉकलेटची वाटतात. शेठ म्हणतात, चकाकी नाही. बेव्हलचे बरोबर आकडे सांगा ना. आणि हाच लोगो बोर्डावर, पिशवीवर, बिलावर आणि सिंहस्थाला विकायच्या लोट्यांवरपण लागणार आहे."

आकडे देते, पुढे सगळे देते. पण तुझे आकडे फारसे चुकले नसणार. तुझ्या अक्षरांच्या आजूबाजूला काही नाहीये, दुखणं तिथे आहे. ते समजलं की आकडे तुझे तुलाच सापडतील.

उद्या सकाळी अकराच्या सुमारास भांडी बाजारात जा. शेठकडून एक साधा, मठार (ठोक्यांच्या खळ्या) नसलेला, चांगली जिल्हई (पॉलिश) केलेला तांब्या माग आणि तो दुकानाच्या उंबऱ्यावर उभा राहून हातात धर. पाच मिनिटं नुसता बघ. खांद्यापाशी, जिथून गळा सुरू होतो तिथे, गल्लीच्या वर दिसणारी आकाशाची पट्टी आलेली असेल. ती जवळजवळ पांढरी असते, पण नीट पाहिलंस तर पीच रंगाकडे झुकलेली. तिच्या लगेच खाली समोरच्या दुकानांची ओळ आणि शेडखालची सावली, म्हणजे काळपट तपकिरी पट्टा. या दोघांमध्ये हळूहळू उतरत जाणारी छटा नसते, सुरीने कापल्यासारखी कड असते. त्याखाली रस्त्यावरून उसळलेल्या उजेडाचा भगवट रंग, आणि पोटाच्या मध्यावर तू स्वतः, शर्टासकट. ज्याला आपण डोक्यात 'तांब्याचा रंग' म्हणतो तो या सगळ्यात किती जागा व्यापतो ते मोज. फार थोडी. आता तोच तांब्या घेऊन दुकानाच्या आत, ट्यूबलाइटखाली ये. सगळं चित्र बदलेल. वस्तू तीच, रंग दुसरे.

याचं कारण पदार्थाच्या घडणीत आहे. चॉकलेट, प्लास्टिक, इनॅमल यांच्यावर उजेड पडला की त्यातला बराचसा आत शिरतो, विखुरतो आणि वस्तूचा रंग घेऊन बाहेर येतो. थोडा उजेड वरच्या वरूनच परततो, तो दिव्याच्या रंगाचाच, म्हणजे पांढरा राहतो. तपकिरी अंग आणि त्यावर पांढरी चमक, ही चॉकलेटची ओळख. तू नेमकं तेच केलंस. धातूत उजेड आत शिरून विखरून परत येतच नाही. जे काही दिसतं ते पृष्ठभागावरून परतलेलं असतं, आणि परतताना तांबं त्यातला निळा-हिरवा भाग बराच गिळून टाकतं. म्हणून तांब्यावरचा झोतसुद्धा तांबूस असतो. सोन्याचा पिवळसर असतो. चांदी जवळपास सगळेच रंग सारखे परत पाठवते, म्हणून सराफ बाजारातल्या चांदीच्या ताटात समोरच्या माणसाची साडी तिच्या खऱ्या रंगात दिसते. तांब्याची अगदी तिरपी कड मात्र पांढरट होते. ती तेवढी सूट ध्यानात ठेव, शेवटी कामाला येईल.

म्हणजे पहिली दुरुस्ती : ती पांढरी चमक काढून टाक. अक्षराच्या वरच्या अर्ध्या भागावर लंबगोल पांढरा थर टाकायची पद्धत साधारण २००५ ते २०१२ या काळात वेबसाइटच्या बटणांवर सर्रास होती. २०१३ मध्ये आयफोनचं आयओएस ७ आलं आणि ती मागे पडली. ती काचेची चमक होती. ग्लॉसी आणि मेटॅलिक हे दोन शब्द गिऱ्हाईक एका दमात म्हणतं, आपण ते वेगळे धरायचे.

आता कामाला लागू. फाइल १६ बिटमध्ये उघड. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्याच मिळतात. तांब्याच्या गडद भागात त्यातल्या मोजक्याच वापरात येतात, आणि मोठ्या अक्षरात पट्ट्यापट्ट्या दिसायला लागतात. रुंदी किमान २४०० पिक्सेल ठेव. अक्षरं एकाच लेयरवर (थरावर) असू देत, म्हणजे ग्रेडियंट सगळ्या नावावर मिळून एकच बसेल. अक्षरागणिक वेगळे लेयर केलेस तर प्रत्येक अक्षराचं क्षितिज, म्हणजे उजळ आणि गडद यांच्यामधली ती कड, वेगळ्या उंचीवर जातं. उकाराचं खाली, वेलांटीचं वर. डोळ्याला नेमकं काय खटकतंय ते कळत नाही, पण खटकतं.

लेयर स्टाइलमधल्या ग्रेडियंट ओव्हरलेमध्ये वरून खाली असे थांबे लाव. ० टक्क्यांवर २५५, २२५, २००, हे आकाश. ३५ वर २१४, १२५, ७५. ४९ वर १५०, ७०, ३५. ५१ वर थेट ५८, २०, १०. पंचाहत्तरवर १६५, ८२, ४५. शेवटी १०० वर २४०, १७०, १२५, ही जमीन. सगळे आकडे लाल, हिरवा, निळा या क्रमाने. ४९ आणि ५१ मधली उडी महत्त्वाची आहे. तिथेच तू आतापर्यंत मऊ उतार देत होतास. शेठच्या दारात पाहिलेली ती कापलेली कड म्हणजे हे दोन टक्के. ही एक रेघ पडली की अक्षर धातूचं व्हायला लागतं, बेव्हल अजून लावलेलंही नसताना. आधी एवढंच करून बघ.

लोगोत तांब्याचं किंवा लोट्याचं चित्र असेल, तर त्याला हेच ग्रेडियंट तसंच देऊ नकोस. उभ्या गोल भांड्यावर प्रतिबिंबं उभी ताणली जातात, म्हणून तिथे पट्टे उभे येतात : कडेला गडद, मग अरुंद उजळ, मग मध्यम, मग पुन्हा गडद. पोटापाशी ते पट्टे पोटाच्या वळणाबरोबर वाकवायचे. वार्प वापर, किंवा पेन टूलने प्रत्येक पट्टा काढून ब्लर कर. मला दुसरी पद्धत आवडते. वेळ लागतो, पण हात तयार होतो.

बेव्हल आता. इनर बेव्हल, तंत्र चिझल हार्ड, डेप्थ १५० ते २००, सॉफ्टन १, कोन ११५, उंची ५५ अंश. साइझ १६ लिहिते आहे, पण तो आकडा अक्षराच्या जाडीवर ठरतो. इनर बेव्हल दोन्ही कडांकडून आत येतं. तुझ्या अक्षराचा सर्वांत बारीक भाग ३० पिक्सेलचा असेल आणि साइझ १६ असेल, तर दोन्ही उतार मध्ये भिडून तिथे धार तयार होते, आणि जाड भागात मात्र सपाटी राहते. एकाच अक्षराचे दोन तुकडे वेगवेगळ्या भांड्यांतून कापून आणल्यासारखे दिसतात. म्हणून आधी बारीक भाग मोज आणि साइझ त्याच्या अर्ध्यापेक्षा कमी ठेव.

ग्लॉस कॉन्टूर नावाचा छोटा चौकोन बहुतेक जण सोडून देतात. धातूचं काम खरं तर तिथे आहे. साधी तिरपी रेघ ठेवलीस तर उतारावरचा उजेड सरळ चढतो-उतरतो, मातीच्या मूर्तीसारखा. 'रिंग' निवडलीस की तोच उजेड चढतो, पडतो, म्हणजे उतारावर पुन्हा एक क्षितिज उमटतं. शेजारच्या अँटी-अलायस्डवर खूण कर, नाहीतर कडा दातेरी होतात. हायलाइटचा रंग शुद्ध पांढरा नको. २५५, २२६, १९६ घे, मोड स्क्रीन, ८० टक्के. शॅडो ५०, १४, ६, मल्टिप्लाय, ७० टक्के. काळी सावली दिलीस की तांबं मळकट होतं.

मग कड. स्ट्रोक आतल्या बाजूने, ३-४ पिक्सेल, त्याला ग्रेडियंट दे आणि ते मुख्य ग्रेडियंटच्या उलट फिरव : वर गडद, खाली उजळ. याच कडेच्या उजळ भागात तू जवळजवळ पांढरा रंग वापरू शकतोस. तिरप्या कडेची सूट म्हणाले होते ती इथे. सॅटिन लावायचा मोह होईल. १५ टक्क्यांपर्यंत ठीक, त्यापुढे कापड वाटतं.

इथपर्यंत सगळं आकड्यांचं काम झालं. आता मराठी नावाचा लोगो करताना जे हमखास बिघडतं, ते जरा सावकाश सांगते. इंग्रजी अक्षरं सुटी उभी असतात. आपली शिरोरेषेला टांगलेली असतात. कोरलड्रॉमधून अक्षरं कर्व्ह (फॉन्टऐवजी नुसते आकार) करून आणलीस, किंवा जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधून आणलीस, तर प्रत्येक अक्षराची शिरोरेषा हा वेगळा तुकडा असतो. मात्रा वेगळी, रफार वेगळा. साध्या काळ्या रंगात हे दिसत नाही. बेव्हल लावलं की जिथे दोन तुकडे केसभर सुटले असतील तिथे खाच उमटते. नावात पाच अक्षरं असतील तर शिरोरेषेवर चार खाचा, आणि लख्ख तांब्यावर त्या भेगा पडल्यासारख्या दिसतात. उपाय सोपा आहे. कोरलमध्ये सगळं निवडून वेल्ड कर, इलस्ट्रेटरमध्ये युनाइट, आणि फोटोशॉपमध्ये आकार आणल्यावर मर्ज शेप कॉम्पोनंट्स. त्याआधी ४०० टक्के झूम करून शिरोरेषेवरून डावीकडून उजवीकडे एक फेरी मार. तुकडे खरोखर एकमेकांवर चढलेले हवेत. नुसते टेकलेले असतील तर थोडे सरकव.

फॉन्ट निवडताना जाड-बारीक फरक कमी असलेला घे. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता चालतो, त्याचं जाड वजन घे. त्यांचाच मोदक दिसायला गोड आहे, पण त्याच्या पोटातल्या जागा इतक्या अरुंद आहेत की बेव्हलची सावली त्या भरून टाकते. 'क्ष', 'त्र', 'द्ध' असं काही नावात असेल तर ते अक्षर आधी करून बघ. ते निभावलं तर बाकीची निभावतात. फोटोशॉपमध्ये थेट मराठी टाइप करताना वेलांटी उजवीकडे पडत असेल किंवा जोडाक्षर फुटत असेल, आणि तुझी आवृत्ती जुनी असेल, तर प्रेफरन्सेसमधल्या टाइप विभागात मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन किंवा वर्ल्ड-रेडी लेआउट, यातला जो पर्याय असेल तो निवड आणि नवी फाइल उघड.

माझी स्वतःची पद्धत थोडी वेगळी आहे, आणि तुला पुढे वर्षानुवर्षं उपयोगी पडेल म्हणून सांगते. मी रंग शेवटी देते. अक्षर मधल्या करड्या रंगात घेते, बेव्हल देते, त्याचं स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ लेयर आत जपणारा डबा) करते. त्यावर कर्व्ह्ज (उजळ-गडद बदलणारी रेघ), आणि त्या रेघेला दोन-तीन लाटा. सरळ रेघेचा इंग्रजी एम होईल इतकं वरखाली. साधा करडा उतार एकदम क्रोमसारखा लखलखायला लागतो, कारण प्रत्येक लाट म्हणजे एक आकाश आणि एक जमीन. त्याच्यावर ग्रेडियंट मॅप, जो करड्या छटांच्या जागी रंग बसवतो : गडद टोकाला ४०, १२, ६, मध्ये १८४, १००, ५०, उजळ टोकाला २५५, २२८, २०५. झालं तांबं. मधला आणि उजळ थांबा पिवळ्याकडे नेलास की पितळ. तुझे शेठ दोन्ही विकतात, म्हणजे एकाच फाइलमध्ये दोन्ही बसतील. फोटोशॉपचे पैसे परवडत नसतील तर हे गिंप या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जसंच्या तसं होतं : अक्षर पांढरं, मागे काळं, गॉशियन ब्लर, ते घेऊन बम्प मॅप (करड्या छटांवरून उठाव दाखवणारा फिल्टर), मग कर्व्ह्ज, मग ग्रेडियंट मॅप. मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिंप ३.० पासून बरेच फिल्टर नंतरही बदलता येतात, त्यामुळे आता ते काम पूर्वीइतकं त्रासाचं राहिलेलं नाही.

आणि एक करून बघच. शेठच्या दारात उभा राहून समोरच्या गल्लीचा आडवा फोटो मोबाइलवर काढ. तो करडा कर, ३० पिक्सेल ब्लर कर, अक्षरांवर क्लिप कर, मोड ओव्हरले, २५ ते ३५ टक्के. त्याला अक्षरांच्या उतारांप्रमाणे वाकवायचं असेल तर करड्या बेव्हलची वेगळी पीएसडी (फोटोशॉपची फाइल) जतन करून डिस्प्लेस फिल्टरला दे. त्यात १२८चा करडा म्हणजे जागेवर, त्याहून उजळ एका दिशेला, गडद दुसऱ्या. ती गल्ली कुणाला ओळखू येणार नाही, यायलाही नको. पण ग्रेडियंटमध्ये नसलेला थोडा अव्यवस्थितपणा त्यातून येतो. खांब, दोऱ्या, टांगलेल्या कळश्या. गुळगुळीत तांब्यावर हे सगळं असतंच. मठारलेलं दाखवायचं असेल तर मात्र हे विसर. तिथे प्रत्येक ठोक्याची खळी स्वतःचं छोटं क्षितिज घेऊन बसते, त्यासाठी बेव्हलच्या खालच्या टेक्स्चरमध्ये खळ्यांचा पॅटर्न द्यावा लागतो. लोगोच्या अक्षरांना मी तो देत नाही. लहान आकारात नुसता खडबडीतपणा उरतो.

मोठं-छोटं करताना जपून. लेयर आवळलास तरी बेव्हलचा १६चा आकडा १६च राहतो, आणि व्हॉट्सॲपच्या डीपीएवढ्या लोगोत अक्षर सगळं सावलीनेच भरतं. इमेज साइझमध्ये स्केल स्टाइल्स चालू ठेव किंवा सरळ स्मार्ट ऑब्जेक्ट कर. शेठना मंजुरीला पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नकोस, डॉक्युमेंट म्हणून पाठव. फोटो म्हणून गेला की दाबला जातो आणि नेमके गडद उतारच फुटतात. मग शेठ म्हणतील चकाकी गेली, आणि त्यांचं चूक नसेल. पट्ट्या तरी दिसल्याच तर १ टक्का नॉइज घाल.

आता तू शेवटी जे सहज लिहिलंस ते, म्हणजे बोर्ड, पिशवी, बिल, लोट्या. सुरुवातीच्या काळात मी एका दुकानाचं सोनेरी नाव असंच झळझळीत करून दिलं आणि तीच फाइल व्हिजिटिंग कार्डाला पाठवली. कार्ड होतं बिनचकाकीच्या, शाई शोषणाऱ्या कागदाचं. २००० कार्डं छापून आली आणि सोन्याच्या जागी हळद-मोहरी. छपाईवाल्याचा काही दोष नव्हता. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद फेकत नाही, आणि चार शायांच्या ठिपक्यांतून धातू निघत नाही. त्या दुकानदाराने मला एक शब्द बोलला नाही. कार्डं बाजूला ठेवली आणि म्हणाला, पुन्हा करू. त्याचा तो चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून मी प्रत्येक धातूच्या लोगोची आधी एकरंगी सपाट आकृती करते, कोरलमध्ये, व्हेक्टरमध्ये (पिक्सेलऐवजी रेघांनी बनलेली, हवी तेवढी मोठी करता येणारी), आणि ती गिऱ्हाइकाला पसंत पडल्याशिवाय फोटोशॉप उघडत नाही.

तूही आता मागे जाऊन तेवढं कर. बिलाला एकरंगी. कापडी पिशवीला स्क्रीन प्रिंटिंग, तिथे तांब्याच्या छटेची धातूची शाई मिळते, एकच रंग, ग्रेडियंट नाही. कार्डाला खरी चमक हवी असेल तर फॉईलिंग (धातूसारखा पातळ वर्ख दाबून छापणं) सांग, किंवा ऑफसेटला पँटोनच्या धातूच्या शाया. ८७१ ते ८७७ हे त्यातले नेहमीचे क्रमांक, ८७७ म्हणजे चांदी. बोर्डासाठी तांब्याच्या रंगाची स्टीलची किंवा आरसा फिनिशची ॲक्रिलिक अक्षरं करणार असतील, तर त्यांनाही सपाट व्हेक्टरच लागतो. भांडी बाजाराचा उजेड ती अक्षरं स्वतःच घेतील. फ्लेक्स छापणार असतील तरच तुझं फोटोशॉपचं काम तिथे जाईल, आणि १० फुटांच्या फ्लेक्सला इंचाला ७२ पिक्सेलच्या हिशोबाने ८६४० पिक्सेल रुंदी लागते. २४००ची फाइल तिथे ताणू नकोस. व्हेक्टर आकार मोठ्या फाइलमध्ये आणून स्टाइल त्या प्रमाणात वाढव.

लोट्यांवर लेझरने कोरणार की ठशाने उठवणार, हे शेठना आधी विचार. लेझर असेल तर बंद आकारांचा व्हेक्टर दे. कोरायची जागा काळी, बाकी काहीच नाही. एकावर एक चढलेल्या रेघा राहू देऊ नकोस, नाहीतर शिरोरेषेच्या सांध्यावर लेझर दोनदा जातं आणि तिथे डाग पडतो. ठसा असेल तर अक्षरांतल्या जागा थोड्या मोकळ्या कर, कारण पत्रा दबताना कडा गोलावतात आणि 'त्र'चं पोट मिटतं. दोन्हींसाठी आधी एका लोट्यावर नमुना काढून घे आणि तो उंबऱ्यावर उन्हात धरून शेठना दाखव. ट्यूबलाइटखाली दाखवू नकोस.